माझ्या सहीने गेलेले चौदा मेल

सोमवार, ६ फेब्रुवारी

दोनशे बारा माणसं आणि दोनशे बारा तऱ्हेच्या सह्या! संचालकांनी आज बोलावून सांगितलं — संस्थेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखालची सही यापुढे एकसारखी हवी. नाव, पद, विभाग, फोन, बोधचिन्ह. बास. एक मार्चपासून. "तुम्ही मासिकाच्या संपादक, तुम्हाला मुदती पाळायची सवय आहे," म्हणाले. म्हणजे काम गळ्यात. मासिक महिन्यातून एकदा निघतं, मधले दिवस मी माशा मारत बसते असा त्यांचा समज असावा.

बाहेर आले तर विहीण तिच्या टेबलाशी. संचालकांचं कार्यालय तीच सांभाळते. मला बघून म्हणाली, "काय विहीणबाई, पडलं ना गळ्यात?"

"तूच माझं नाव सुचवलं असशील."

"मग! आपली माणसं कधी कामाला यायची?"

सोळा वर्षांपासूनची मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने माझ्या मुलीशी लग्न केलं आणि आम्ही विहिणी झालो. तेव्हापासून एकमेकींना विहीणबाई म्हणतो आणि मानपानावरून खोटं खोटं भांडतो. नवीन माणसाला ते खरं वाटतं. जेवणाचा डबा अजून एकत्रच उघडतो.

बुधवार, ८ फेब्रुवारी

यादी करायला घेतली. भांडारातले गृहस्थ नेमणूकपत्रात भांडारपाल आहेत, मेलखाली 'मुख्य साहित्य व्यवस्थापक'. विचारलं, हे कधी झालात? म्हणाले, "होणारच होतो." लेखा विभागातल्या एका बाईंच्या सहीखाली गुलाबाचं फूल हलतं. एकाने अकरा ओळींत आपल्या सगळ्या पदव्या घातल्यात, त्यात एक अपूर्ण आहे, तीही. विक्री विभागाला दोन प्रमुख आहेत आणि दोघांनाही ते ठाऊक नाही.

ड्रायव्हरने जिन्यात अडवलं. "मला मेल नाही, पण सही द्या की एखादी चांगली."

घरी ह्यांना सांगितलं. हसले, पण हात पोटावर. ऑपरेशनला तीन महिने होत आले, टाके कधीच निघाले, तरी हसताना हात तिथेच जातो.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

आज ब्रेल वाचन विभागात जावंच लागलं. डिसेंबरपासून टाळत होते.

आमची संस्था शाळेची पुस्तकं काढते, त्यातली काही ब्रेलमध्ये. ब्रेलचा पहिला नमुना छापून आला की डोळस माणूस मूळ मजकूर मोठ्याने वाचतो आणि अंध वाचक ठिपक्यांवरून बोट फिरवत तपासतो. बाविसाव्या वर्षी मी इथे लागले ती नानांसाठी वाचायला. तीन वर्षं वाचलं. नुसता मजकूर नाही — स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. घरी जेवताना "भात स्वल्पविराम आमटी" मी म्हणाले होते एकदा. वाक्य कुठे मोडायचं, कुठे थांबायचं, हे मला नानांच्या बोटांनी शिकवलं. बोट अडलं की म्हणायचे, "पोरी, इथे माणसाचा श्वास संपतो."

आता एकतीस मार्चला तो विभाग बंद होतोय. नाना आणि चार वाचक. काम बाहेरून करून घेणार म्हणे. निर्णय डिसेंबरमध्ये कळला. तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटलं, दुःखात असतील. मग वाटलं, माझा विभाग राहिला आणि त्यांचा गेला, याचा राग असेल. तोंड कसं दाखवायचं हे मलाच कळत नव्हतं.

"या, संपादकबाई," म्हणाले. पूर्वी "ये गं" असायचं.

नवी सही त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून ऐकायची होती. त्यांचं मशीन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. नानांनी मेल उघडला. मजकूर एका ओळीचा — 'नमुना मिळाला'. मग मशीन सुरू झालं: "चित्र. उभी रेघ. नाव. उभी रेघ. पद. उभी रेघ…" संपेचना.

"पाच वेळा उत्तरं-प्रत्युत्तरं झाली की ही वरात पाच वेळा माझ्या कानावरून जाणार," नाना म्हणाले. "तुमच्या डोळ्यांना शोभेची, आमच्या कानांना शिक्षा."

"काय करू, सांगा."

"चित्राला मुकं करा. रेघा काढा. नाव आधी येऊ दे. माणूस कोण आहे ते पहिल्यांदा कळलं पाहिजे." थांबले. "सहीचा तेवढाच उपयोग."

सगळं टिपून घेतलं. निघताना म्हटलं, "नाना, येते."

"आभारी आहोत." सरकारी पत्रातलं बहुवचन! त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

एकशे चाळीस सह्या झाल्या. गुलाबाचं फूल काढलं. लेखाबाई रडल्या.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

नवी पद्धत अशी की सही आपण लावायचीच नाही. मेल संस्थेबाहेर किंवा दुसऱ्या विभागात निघाला की वाटेत मशीनच सही चिकटवतं. सिस्टिमच्या बाईंनी सुचवलं, आधी नोव्हेंबरपासूनच्या जुन्या मेलांवर, काही न पाठवता, नुसती चाचणी घेऊ. कुठे फाटतंय ते दिसेल. आज त्याची यादी आली. प्रत्येक मेलपुढे दोन रकाने — कोणाच्या नावाने गेला, कोणी पाठवला.

बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे एकच नाव. संचालकांपुढे दुसऱ्या रकान्यात विहीण. ते बरोबर, त्यांची पत्रं तीच लिहिते. मी घाईघाईने खाली जात होते. माझ्या नावापाशी थांबले. चौदा मेल माझ्या नावाने, आणि पुढे विहीण.

लगेच आठवलं. नोव्हेंबरमध्ये अकरा दिवस हे हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा मीच तिला माझ्या मेलची परवानगी देऊन ठेवली होती. छापखान्याची पत्रं अडू नयेत म्हणून. अंक वेळेवर निघाला तो तिच्यामुळे. यादीत तेरा मेल छापखान्याला होते.

चौदावा संचालकांना. सतरा नोव्हेंबर, दुपारी बारा पाच.

विषय — 'विभागांबाबत शिफारस'.

"उघडता येईल का?" मी विचारलं.

"तुमचाच आहे की," सिस्टिमच्या बाई म्हणाल्या.

सोमवार, २० फेब्रुवारी

शनिवार-रविवार काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण हात लावला नाही.

संचालकांनी विचारलं होतं: दोन लहान विभागांपैकी एकच पुढे ठेवता येईल — मासिक की ब्रेल वाचन. दोन्ही कामं जवळून पाहिलेल्या तुम्ही एकट्या आहात. दुपारी बारापर्यंत शिफारस द्यावी.

आणि उत्तर: ब्रेल वाचनाचं काम बाहेरच्या संस्थेकडून करून घेणं शक्य आहे, दर्जाबाबत अनुभवी वाचकांचं मार्गदर्शन घेता येईल, मासिकाला मात्र पर्याय नाही. शेवटी माझं नाव. पद. विभाग. फोन नंबर.

सात ओळी. व्यवस्थित, सभ्य. कुणाचाही गळा इतक्या स्वच्छ मराठीत कापलेला मी वाचला नव्हता.

हेच पत्र डिसेंबरमध्ये विभाग बंद करण्याच्या आदेशाला जोडून नानांना पाठवलं गेलं, तेही त्या यादीतच सापडलं. तीन महिने ते मला काय समजत असतील! आणि मी जिन्यात त्यांना चुकवत होते, माझा विभाग राहिला याची लाज वाटते म्हणून.

तिने रोज माझ्यासमोर डबा उघडला. रोज. "नाना बोलत नाहीत गं माझ्याशी," मी म्हणायची. ती म्हणायची, "म्हातारा माणूस. होईल शांत. घे, लोणचं घे."

मंगळवार, २१ फेब्रुवारी

विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, फायलींच्या खोलीत, दार लावून. कागद पुढे धरला.

तिने वाचला. चष्मा काढला. पुन्हा लावला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"माझ्या नावाने."

"हो."

"कुणी अधिकार दिला तुला? छापखान्यासाठी किल्ली दिली होती, तू कपाट धुऊन नेलंस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. काहीतरी बोलेल असं वाटलं. माफी मागेल, रडेल, उलट भांडेल. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "लिहिलं मी. पुढे काय करणार आहेस?"

एवढंच. सोळा वर्षांवर एवढंच! मी दार उघडून निघून आले. डबा तिच्याच टेबलावर राहिला. संध्याकाळी निघताना पाहिलं तर धुऊन, पुसून माझ्या खुर्चीवर ठेवलेला.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, काय झालंय तुमच्या दोघींत? घरात कुणी कुणाशी बोलत नाही. हा विचारतोय, तुझ्या आईने माझ्या आईला काय म्हटलं."

सांगितलं सगळं.

"सासूबाईंनी काय सांगितलं?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणाल्या, तुझ्या आईला फोन करून त्रास देऊ नकोस."

"बघितलंस? लपवायचं असलं की माणूस असंच बोलतं."

"मला राहायचंय त्या घरात, आई." मग जरा वेळाने, "मी तुला खोटं वाग म्हणत नाहीये. फक्त सांगतेय की मला तिथे राहायचंय."

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

सगळ्या सह्या पूर्ण. दोनशे बारा. मुदतीच्या चार दिवस आधी. माझीही त्यात आहे. ती शेवटची तपासली. नाव बरोबर होतं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

नानांकडे गेले. चार वाचक नमुन्यावर बसले होते. एक बाई वाचत होत्या, "प्रश्न तिसरा, पूर्णविराम." मी कोपऱ्यात उभी राहिले.

"कोण उभं आहे?" नाना म्हणाले. "अत्तर नाही, चपलेचा आवाज नाही. संपादकबाई असणार."

त्यांना बाहेर घेऊन आले. खिडकीपाशी बाकावर बसलो. सांगितलं — ते पत्र माझं नाही. माझ्या नावाने दुसरीने पाठवलं. मी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. मला शुक्रवारपर्यंत, परवाच्या नव्हे, त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत, त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

नानांचा हात बाकाच्या कडेवरून फिरत होता. खिळा सापडला, तिथे थांबला.

"डिसेंबरात ते पत्र मशीनने वाचून दाखवलं," ते म्हणाले. "मजकूर ऐकताना वाटत होतं, ही ती नव्हे. मग खाली तुझं नाव वाचलं. पद, विभाग, फोन नंबर. खणखणीत आवाजात. मी म्हटलं, नाना, तुझेच कान म्हातारे झाले."

"मला विचारायचं होतं, नाना."

"काय विचारणार होतो? पोरी, तूच का गं?" हसले. "भीती वाटली. तू हो म्हणाली असतीस तर?"

पोरी म्हणाले. तीन महिन्यांनी.

"तुझा शब्द मला पुरे," असं म्हणून उठले. मग दारापाशी थांबून, "या चौघांचं काही होऊ शकतं का बघ. माझं सोड, मी आज ना उद्या घरी बसणारच होतो. पण ती मुलं कुठे जाणार? बोटांनी वाचणाऱ्याला दुसरीकडे कोण विचारतं?"

बुधवार, १ मार्च

नव्या सह्या सुरू झाल्या. काही फाटलं नाही.

गुरुवार, २ मार्च

लेखी तक्रार दिली. शिफारस माझी नव्हती, माझ्या नावाचा गैरवापर झाला, त्या शिफारशीवर घेतलेला निर्णय पुन्हा तपासावा. आठ वेळा लिहिली, आठ वेळा कापली. शेवटी एक पान. विहिणीचं नाव तिसऱ्या ओळीत.

संचालक वाचून म्हणाले, "हे गंभीर आहे. शिफारस खोटी ठरली तर ब्रेल विभागाचा प्रश्न पुन्हा मंडळापुढे न्यावा लागेल. आणि त्यांची नोकरी राहणार नाही, हे लक्षात आहे ना?" त्यांची म्हणजे विहिणीची. दार अर्धं उघडं होतं. ती बाहेर टेबलाशी, कागद टाचत. ऐकू गेलं असणार.

मी म्हटलं, "लक्षात आहे."

शनिवार, ४ मार्च

हे सकाळपासून पेपरामागे लपले होते. शेवटी म्हणाले, "तिला विचारलंस का, का केलं म्हणून?"

"विचारलं."

"काय विचारलंस?"

आठवून पाहिलं. कुणी अधिकार दिला, असं विचारलं होतं. का केलं, असं नाही.

"तुम्ही तिची बाजू घेताय?"

"बाजू कसली. मला त्या अकरा दिवसांतलं फक्त छत आठवतं. पण ती रोज सहा वाजता यायची, एवढं आठवतं. तुला बळंच खायला घालायची. तू ताटाकडे बघत बसायचीस." पेपर घडी केला. "त्यामुळे मला नीट राग येत नाही, एवढंच."

मला येतो. नीट येतो. खायला घालणाऱ्या हातानेच ते पत्र लिहिलं, म्हणून तर जास्त येतो.

मंगळवार, ७ मार्च

चौकशी सुरू. तीन जणांची समिती, त्यात भांडारपाल! विहिणीला संचालकांच्या दारातून हलवून तळमजल्यावर जुन्या फायलींपाशी बसवलंय. समितीने तिला विचारलं, पत्र तुम्ही लिहिलं का? हो. संपादकांनी सांगितलं होतं का? त्यावर ती म्हणाली, "मला काही सांगायचं नाही." भांडारपालांनी मला हे जिन्यात सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्यांच्या पोटात राहिलं नाही.

लेकीने दोन दिवस फोन केलेला नाही. जावयाचा एक निरोप: 'आईचं जेवण सुटलंय. तुम्हाला कळावं म्हणून.' पुढे-मागे काही नाही.

जिन्यात ती समोरून आली. मी बाजूला झाले. तीही बाजूला झाली. दोघी एकाच बाजूला. मग ती थांबली, मला आधी जाऊ दिलं. एरवी या गोष्टीवर दोन दिवस हसलो असतो.

शुक्रवार, १० मार्च

चौकशीसाठी विहिणीचं मेलखातं उघडलं. मघाशी सिस्टिमच्या बाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं, एक कागद टेबलावर पालथा ठेवला. "हा अजून कुणाला दाखवलेला नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

सतरा नोव्हेंबर, सकाळी दहा चाळीस. विहिणीने संचालकांचं अख्खं पत्र माझ्या घरच्या मेलवर पाठवलं होतं. 'बारापर्यंत उत्तर हवं आहे. वाचून सांग, काय लिहू?' त्याखाली उत्तर, सहा मिनिटांनी, माझ्या फोनवरून:

'वाचलं. आमचा विभाग राहू दे. नानांचं तू नीट शब्दांत घाल आणि माझ्या नावाने पाठवून दे. मला पुन्हा विचारू नकोस.'

ह्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशनसाठी आत नेलं, तो दिवस. मला ते लिहिल्याचं आठवत नाही. आणि तिने मला पुन्हा विचारलं नाही.

चार वाजता नाना समितीपुढे येणार आहेत, माझ्या बाजूने सांगायला. आता साडेतीन झालेत.